चार तास एकोणसाठ मिनिटं

टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, संख्याशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना मी एक प्रात्यक्षिक देते. घरातल्या एका मोठ्या माणसाचा अख्खा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरून आणायचा, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत. ही रीत राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीची. देशभरात ती पहिल्यांदा २०१९ साली झाली आणि मग २०२४मध्ये. बहुतेक मुलं आईचा दिवस भरून आणतात, कारण विचारायला आईच हाताशी असते.

तक्त्याच्या वर शिक्षण आणि व्यवसाय लिहायचा असतो. साताऱ्यात मी नोकरीला लागले तेव्हा आईच्या शिक्षणापुढे सातवी, दहावी नापास, फार तर बारावी असायचं. आता तिथे बी.कॉम. असतं, एम.ए. मराठी असतं, बी.एस्सी. बी.एड. असतं, डी.फार्म. असतं. व्यवसायाच्या रकान्यात मात्र तेव्हा जे होतं तेच: गृहिणी. काही मुलं ‘काही नाही’ असं लिहितात. त्यात त्यांचा अपमान करायचा हेतू नसतो, घरात तेच ऐकलेलं असतं.

एका मुलाने दुपारी दोन ते चार हे चारही रकाने ‘आराम’ म्हणून भरले होते. आई एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. मी त्याला म्हटलं, आता हा कागद आईच्या हातात दे आणि तिला भरू दे. दुसऱ्या दिवशी कागद आला. दोन ते अडीच, महिन्याचे तांदूळ निवडून डब्यात भरणं. अडीच ते तीन, आजोबांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून पाठवणं. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात नीट येत नव्हता म्हणून पुन्हा पुन्हा. तीन ते चार, धाकटीकडून गेल्या वर्षीची सहामाहीची प्रश्नपत्रिका सोडवून घेणं. आराम कुठेच नव्हता. तो मुलगा हुशार आहे, आईवर जीव असलेला आहे. त्या दोन तासांत तो त्याच घरात होता.

पाहणीचे आकडे मी त्यानंतरच फळ्यावर लिहिते. २०१९ साली घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ९७. वय सहा वर्षांपासून पुढे. २९९ मिनिटं म्हणजे चार तास एकोणसाठ मिनिटं. मुलं लगेच भागाकार करून सांगतात, तिप्पट. तिथे मी त्यांना थांबवते. सरासरी काढताना छेदात कोण आहे, ते आधी बघा. इथे छेदात आहेत ती त्या दिवशी घरकामाला हात लावलेलीच माणसं. स्त्रियांमध्ये ती ८१.२ टक्के आहेत, पुरुषांमध्ये २६.१. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश पुरुष या ९७ मिनिटांच्या हिशेबात नाहीतच, कारण त्यांनी त्या दिवशी काहीच केलं नव्हतं. सगळ्यांना धरून सरासरी काढली तर स्त्रियांची साधारण २४३ मिनिटं येतात आणि पुरुषांची २५. तिपटीचं दहापटीजवळ जातं. लहान मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. तिचा हिशेब वेगळा आहे आणि तोही असाच झुकलेला आहे.

पाच वर्षांनी, २०२४च्या पाहणीत, स्त्रियांची २९९ मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी. पुरुषांची ९७ची ८८ झाली, म्हणजे त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली. मधल्या काळात लॉकडाऊन होऊन गेला होता. सगळी माणसं घरात बसली होती, कामाच्या मावश्या येत नव्हत्या, शिकलेल्या घरांतल्या पुरुषांनी भांडी घासली, कणीक मळली, त्याचे फोटो पाठवले. मला तेव्हा मनापासून वाटलं होतं की यातलं काही तरी मागे उरेल.

पाहणीची एक बारीक अट मला बरीच वर्षं खुपते आहे. अर्ध्या तासाच्या रकान्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहिता येतात, आणि तीही किमान दहा मिनिटं चाललेली. पाहणी करणाऱ्यांची अडचण मला कळते. कुठे तरी रेघ ओढावीच लागते. पण घर चालतं ते दहा मिनिटांच्या खालच्या कामांवर. दूध वर येताना गॅस बंद करणं, वाळत घातलेले कपडे आभाळ भरलं म्हणून काढणं, गॅसचा नंबर लावणं, व्हॅनवाल्या काकांना उद्या मुलगा येणार नाही असं कळवणं, सासूबाईंना दुपारची गोळी आठवणीने देणं. यातलं एकही काम दहा मिनिटांचं नाही. आणि ते करण्यासाठी बाईला दिवसभर त्याच्या जवळपास राहावं लागतं.

म्हणून मला आता मिनिटांच्या बेरजेइतकंच, किंबहुना जास्त, या मिनिटांच्या जागेबद्दल बोलावंसं वाटतं. चार तास एकोणसाठ मिनिटं दिवसात कुठे बसतात? सकाळी पाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते रात्री दहा, अशा दोन गठ्ठ्यांत ती विखुरलेली असतात. आणि शिकलेल्या माणसाला आपल्या शिक्षणाचं काही करून दाखवायचं असेल तर नेमके तेच तास लागतात.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आली होती. पुण्यात १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर यांच्या खटपटीतून मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आपली हुजूरपागा. तीनच वर्षांत टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातून तिथल्या अभ्यासक्रमावर कडक टीका सुरू झाली. इंग्रजी कशाला, गणित-शास्त्र कशाला, हे मुद्दे त्यात होतेच. ते आपल्याला पाठ आहेत आणि त्यांचा निकालही केव्हाच लागला. टीकेत आणखी एक मुद्दा होता, शाळेच्या वेळेचा. अकरा ते पाच शाळा भरली तर घरच्या मुलीला, सुनेला इतका वेळ कोण सोडणार? शाळा सकाळी किंवा दुपारी तीनेक तास असावी, म्हणजे घरकाम सांभाळून शिकता येईल.

पहिली अट आपण ओलांडली. मुलींना इंग्रजी आलं, गणित आलं, कॅल्क्युलस आलं, माझ्या वर्गात आज मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. दुसरी अट जशीच्या तशी उभी आहे. ती आता शाळेच्या दाराशी नसते, नोकरीच्या दाराशी असते. ‘शिक्षिकेची नोकरी बायकांना बरी, दोन वाजता घरी येता येतं.’ हे वाक्य मी ऐकलं, माझ्या विद्यार्थिनी ऐकतात. बी.एड.ला जाणाऱ्या कितीतरी मुलींना शिकवण्याची ओढ नसते, शाळेच्या वेळापत्रकाची सोय असते. आणि ज्यांना खरोखर शिकवण्याची ओढ आहे, त्यांच्या कामाकडेही ‘सोयीची नोकरी’ म्हणूनच बघितलं जातं.

ज्यांनी मुलींसाठी जन्म वेचला, त्यांनाही घराचा वाटा बाजूला काढून ठेवावा लागला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं धाडस केलं, आणि अभ्यासक्रमात गृहव्यवस्थेला, आरोग्याला जागा ठेवली. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्या काळात आई-वडिलांना मुलगी कॉलेजात पाठवायला राजी करायचं तर दुसरा रस्ता फारसा नव्हता, हे मी समजू शकते. पण गृहविज्ञान मुलींनीच शिकायचं, हे तेव्हापासून इतकं अंगवळणी पडलं की मुलांना त्याची गरज आहे हे सुचायलाच शंभर वर्षं गेली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली बाई आणि बाप्या दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती.

माझ्या एम.एस्सी.च्या वर्गाबद्दल सांगते. पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही मुली एका खोलीत जमून रात्री उशिरापर्यंत प्रायिकतेच्या सिद्धता सोडवायचो. आमच्यात एक मुलगी अशी होती की आम्ही तीन पानं भरून जिथे पोहोचायचो तिथे ती सहा ओळींत पोहोचायची. विद्यापीठात पहिली आली. औषध कंपनीत, चाचण्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण करण्याच्या कामावर लागली. लग्न झालं, नवऱ्याची बदली झाली, मूल झालं, मग दुसरं. कुणी तिला नोकरी सोड असं सांगितलं नाही. सासरची माणसं चांगली आहेत, आजही ती त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. संध्याकाळी साडेपाच वाजता पाळणाघर बंद व्हायचं आणि अमेरिकेतल्या लोकांबरोबरची बैठक साडेसहाला सुरू व्हायची, एवढंच झालं.

मध्यंतरी मी तिच्याकडे गेले होते. तिने सासऱ्यांच्या मधुमेहाचा तक्ता दाखवला. उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, रक्तदाब, त्या दिवशी काय खाल्लं, किती चालले, कोणती गोळी कधी बदलली. आलेख काढलेले, हलती सरासरी काढलेली, कोणत्या आठवड्यात साखर का चढली याची टिपणं. डॉक्टर म्हणाले होते, इतकी नीट नोंद आमच्याकडेही नसते. मला तिचा अभिमान वाटला आणि तिथेच डोळ्यांत पाणीही आलं. हे तेच काम आहे, ज्याचे तिला पैसे मिळत होते. आता एका रुग्णासाठी, एका घरात, बिनपगारी. सासऱ्यांची प्रकृती तिच्यामुळे सुधारली, आणि एका माणसाला बरं वाटणं ही लहान गोष्ट नाही. पण त्या डोक्याने कितीतरी जणांच्या औषधाचं भलं केलं असतं, हे मला तिथे बसून विसरता येईना.

बाई शिकली की घरकाम कमी होईल असं आपण धरून चाललो होतो. झालं असं की घराने तिची पदवी कामाला लावली. आमच्या आयांच्या वेळी मुलाला शाळेत घातलं की अभ्यास बाईंचा होता. आता आई एम.कॉम. आहे म्हटल्यावर पाचवीच्या स्कॉलरशिपची तयारी तिने घ्यायची, विज्ञानाचा प्रकल्प तिने करून घ्यायचा, डब्यात प्रथिनं किती आहेत ते तिने बघायचं, शाळेच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेनऊला आलेला निरोप तिने वाचायचा. त्या गटाचं नाव ‘पालक’ असतं आणि आत बहुतेक आया असतात. लग्नाच्या बोलण्यात मुलाची आई सरळ सांगते, आम्हाला शिकलेलीच हवी, पुढे मुलांचा अभ्यास घेता येतो. मुलगी पदवी घेते तेव्हा तिच्या मनात वेगळं काही असतं, आणि ती पदवी कुठे वापरायची हे दुसऱ्या घरात आधीच ठरलेलं असतं.

दुसरी एक मैत्रीण बँकेत आहे. क्लार्क म्हणून लागली, कामात चोख. अधिकारीपदाची परीक्षा देण्याची संधी दरवेळी आली आणि दरवेळी तिने अर्ज भरला नाही, कारण बढतीबरोबर बदली येते. तिच्याबरोबर लागलेले पुरुष आज मुख्य व्यवस्थापक आहेत; त्यांनी कोकणात, मराठवाड्यात एकेकटं राहून वर्षं काढली, कारण मागे घर चालवायला बायको होती. आम्ही मैत्रिणी यावर बोलतो तेव्हा ती म्हणते, ‘अगं, मला बढती नको होती असंच सगळे समजतात.’ अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं नोबेल मिळालं ते अमेरिकेतल्या स्त्रियांच्या दोनशे वर्षांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी. त्यांचं एक म्हणणं मला या मैत्रिणीकडे बघून लख्ख समजलं. ज्या नोकऱ्या वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला भरपूर जास्त पैसे देतात, त्या नोकऱ्यांमुळे जोडप्यातला एक जण कचेरीसाठी कायम तयार राहतो आणि दुसऱ्याला घरासाठी कायम तयार राहावं लागतं. कोण कुठे राहणार, हे आपल्याकडे चर्चेला येतच नाही.

पुरुष घरात काहीच करत नाहीत, असं मी म्हणणार नाही. आमच्याच घरात रविवारचं मटण नवरा करतो आणि फार उत्तम करतो. विजेचं बिल, गाडीचं सर्व्हिसिंग, विम्याचे हप्ते, पाण्याच्या टाकीची सफाई ही कामं त्याची. बरीच वर्षं मला कळत नव्हतं की यादी दोन्हीकडे सारखी दिसत असताना दमते मी एकटी कशी. मग एकदा आम्ही दोघांनी बसून कामांची वेगळी विभागणी केली. कोणतं काम उद्यावर ढकललं तर चालतं, आणि कोणतं त्याच मिनिटाला व्हावंच लागतं? बिल परवा भरता येतं. गाडी पुढच्या शनिवारी नेता येते. मटण रविवारी नाही तर पुढच्या रविवारी. मुलाचा डबा मात्र सहा चाळीसला भरलेला हवा, कारण पावणेसातला व्हॅन येते. दूध सकाळीच तापवावं लागतं. सासूबाईंना इन्सुलिन जेवणाआधीच द्यावं लागतं. घड्याळाला बांधलेली सगळी कामं माझ्याकडे होती आणि सोडलेली सगळी त्याच्याकडे. वेळ त्याचाही जात होता, पण दिवस त्याच्या हातात राहत होता.

त्या दिवसापासून सकाळ त्याची झाली. मी विषय नुसता काढला होता. सकाळ घेतो असं तो स्वतःहून म्हणाला, आणि मग ते निभावलं, याचं मला महत्त्व वाटतं. सोपं गेलं नाही. चालायला जाणाऱ्यांचा त्याचा गट साडेपाचला निघायचा, तो सुटला. सासूबाईंना पहाटे उठून पोळ्या लाटणारा मुलगा बघवेना; त्या उठून त्याच्या हातातलं लाटणं काढून घ्यायच्या. तेव्हा त्यानेच त्यांना सांगितलं, ‘आई, तू बस. मला जमतंय.’ माझ्या वाट्याला सकाळचे दोन तास आले. मी त्यात पीएच.डी.चा अडकलेला प्रबंध पुरा केला. नवऱ्याच्या पोळ्या अजूनही माझ्यापेक्षा जाड होतात आणि मुलगा त्या खातो.

एवढं लिहून झाल्यावर आमच्याकडच्या मावशींबद्दल लिहिलं नाही तर हे सगळंच खोटं ठरेल. शिकलेल्या बायकांच्या नोकऱ्या नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पोळीवाल्या मावशी, भांडीवाल्या मावशी, बाळाला सांभाळणाऱ्या ताई यांच्या जिवावर उभ्या आहेत. आमच्या घरातला ताण कमी झाला तो आधी त्यांच्यामुळे. मावशी आमच्याकडे आठला येतात, त्यासाठी स्वतःच्या घरचा स्वयंपाक पहाटे साडेचारला उठून करतात. त्यांच्या त्या पहाटेच्या तासांना माझ्याकडच्या पगारात जागा नाही. आणि मावशी येणार नसल्या की फोन मलाच येतो. नवऱ्याचा नंबर त्यांच्याकडे आहे, तरी त्यावर त्या करत नाहीत. म्हणजे काम पैसे देऊन दुसऱ्या बाईकडे गेलं, तरी ते बायकांच्याच हातांतून फिरत राहिलं.

पुण्यात १९८०मध्ये मोलकरणींनी संप केला होता. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, रजा मागता आली, दर ठरवता आले. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. अंमलबजावणी किती तोकडी आहे हे कोणत्याही मावशींना विचारावं. पण हे काम आहे, याला दर असतो, याला सुट्टी असते, हे त्या बायकांनी रस्त्यावर येऊन म्हटलं. आम्ही पदवीधर बायकांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या कामाबद्दल असं कधीच म्हटलं नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

बिनपगारी घरकामाला आपल्या देशात पैशांत मोजलं जातं ते न्यायालयात, आणि बहुतेक वेळा बाई गेल्यावर. जमशेदपूरला १९८९च्या मार्चमध्ये एका समारंभात मांडवाला आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरावं असं होतं. म्हणजे तेच वरण, तोच भात, तेच आजारपण काढणं. नवरा शिपाई असेल तर त्याची किंमत एक आणि संचालक असेल तर दुसरी. २०१०च्या एका निकालात न्यायालयाने जनगणनेवरही नाराजी व्यक्त केली, की गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने काम न करणाऱ्यांत टाकलं जातं. आणि २०२१च्या जानेवारीत न्या. रमणा यांनी आपल्या निकालपत्रात २०११च्या जनगणनेतला आकडा मांडला: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया जवळपास १६ कोटी, पुरुष सुमारे ५८ लाख. वेळ-वापर पाहणीतली २९९ आणि ९७ मिनिटंही त्या निकालात आहेत. मी तो निकाल वर्गात वाचून दाखवते. मुली खूप शांत होतात. एकीने विचारलं होतं, ‘मॅडम, हे अपघाताआधी कुणी मोजत नाही का?’

पाहणीच्या अर्जात रोजगाराची स्थिती लिहायला आकडे ठरलेले असतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी, घरच्यांसाठी शिवण-टिपण करणारी. दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर. एम.एस्सी. झालेली माझी मैत्रीण ९२ आहे. आमच्या विषयाने दिलेला हा आकडा आहे म्हणून मला तो जास्त लागतो. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी, अर्ज तयार करणाऱ्यांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

सरकारी नियमही याच समजुतीवर बेतलेले असतात. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८पासून सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. महाराष्ट्राने २०१८मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस दिले. या रजेने किती बायकांना दहावी-बारावीच्या वर्षात श्वास घेता आला, हे मी स्टाफरूममध्ये पाहिलं आहे. ती काढून घ्यावी असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण राज्याच्या नियमात पुरुषाला ती केव्हा मिळते? पत्नी हयात नसेल तर, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. बायको चालती-फिरती असेपर्यंत मुलाचा ताप तिचा. २०१७मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, फार चांगलं झालं. त्याच कायद्यात बापासाठी एक दिवसही नव्हता. मग खाजगी कंपनीचा मालक हिशेब करतो की मुलगी घेतली तर सहा महिन्यांची रजा आणि मुलगा घेतला तर काहीच नाही, आणि नकार त्या पंचवीस वर्षांच्या मुलीला मिळतो, जिच्या मनात अजून लग्नही नाही.

बापांना रजा द्या. आणि घ्यायला लावा. मी हे शिक्षक संघटनेच्या बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘मॅडम, पुरुष रजा घेतील आणि गावाला जातील.’ काही जातीलही. माझी एक विद्यार्थिनी आणि तिचा नवरा, दोघंही पुण्यात नोकरी करतात. तो सॉफ्टवेअर कंपनीत, ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि संशोधन करते. गेल्या हिवाळ्यात त्याच्या आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया ठरल्या, पंधरा दिवसांच्या अंतराने. थेंब दर काही तासांनी घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणजे दिवसभर कुणी तरी घरात हवं. तिने तासिका सोडल्या तर त्या दिवसांचे पैसे जातात आणि पुढच्या सत्रात नाव राहील याची खात्री नसते. त्याला पगारी रजा शिल्लक होती. हिशेब इतका सरळ असूनही दोन्ही घरांनी तिलाच विचारलं, तुझं कसं जमणार?

त्याने साहेबांकडे रजा मागितली. साहेबांनी विचारलं, घरी मिसेस नाहीत का? त्याने सांगितलं, आहे, पण तिच्या प्रबंधाचं सादरीकरण त्याच आठवड्यात आहे आणि आई माझी आहे. रजा मिळाली. आईला पहिले दोन दिवस मुलाकडून थेंब घालून घ्यायला अवघड वाटलं, तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच वेळ झाली म्हणून त्याला हाक मारायला लागल्या. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने दोन दिवस काढले. विद्यार्थिनीचं सादरीकरण झालं. समितीने दोन प्रकरणं नव्याने लिहायला सांगितली आहेत, आणि ती सध्या संध्याकाळी पाच ते आठ विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते.